एच-इंडेक्स माहेरच्या आणि सासरच्या नावात विभागला गेलाय, काय करू?

अंकवेडी:
मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवते. संशोधन संख्याशास्त्रात नाही, संख्यासिद्धांतात. एकूण ८ पेपर. पहिले ५ माहेरच्या आडनावाने, लग्नानंतरचे ३ सासरच्या. स्कोपसवर, म्हणजे शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर, आम्ही दोघी वेगळ्या बायका आहोत! माहेरच्या नावावर सायटेशन (त्या पेपरचा इतर पेपरांत आलेला संदर्भ) ९, ६, ४, २, १ आणि सासरच्या नावावर ७, ५, ३. दोन्हीकडे एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशन यांवरून काढलेला आकडा, ३.

पुढच्या महिन्यात प्रमोशनची मुलाखत आहे. कमिटीने सहलेखकांच्या जाळ्याचा आलेखही मागितलाय. त्यात माझे गाइड मधोमध आणि त्यांच्या दोन बाजूंना मी, दोन ठिपके. दोन नावं जोडली तर इंडेक्स ६ होईल का? आणि बायोकेमिस्ट्रीच्या सहकाऱ्याचा इंडेक्स १४ आहे, त्याच्याशी तुलना होणार याची फार धास्ती वाटते.

पोथीशाळा:
ताई, मी ग्रंथपाल आहे, ही तक्रार दरवर्षी दोनतीन जणींकडून येते. ६ होणार नाही. एच म्हणजे किमान एच सायटेशन असलेले एच पेपर. सगळे एकत्र उतरत्या क्रमाने लावा: ९, ७, ६, ५, ४, ३, २, १. चौथ्या पेपरला ५ आहेत, पाचव्याला ४च. म्हणून ४.

आधी ओर्सिड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. २०१२ पासून आहे, १६ अंकी, फुकट. त्यात दुसरं नाव नोंदवायची सोय आहे. मग स्कोपसला ‘हे दोन लेखक एकच’ अशी दुरुस्तीची विनंती पाठवा. गूगल स्कॉलरवर तर स्वतःच्या प्रोफाइलला पेपर स्वतःच जोडता येतात. आजच करा, दुरुस्तीला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र आधीच तपासा. नंतरच्या पेपरांत तुम्ही आधीच्या पेपरांचा संदर्भ दिला असेल, तर आज तो परक्याचा म्हणून मोजला जातोय. नावं जोडल्यावर तो स्व-संदर्भ ठरेल. कमिटीने काढण्याआधी तुम्हीच सांगितलेलं बरं.

जाळेकर:
वरचं सगळं पटलं. जाळ्याबद्दल थोडं. त्यात माणूस म्हणजे ठिपका आणि एकत्र लिहिलेला पेपर म्हणजे रेघ. तुमचे दोन ठिपके झाल्याने गाइडचा एक सहलेखक फुकटचा वाढला आणि तुमच्या रेघा अर्ध्याअर्ध्या वाटल्या गेल्या. तुम्ही दोन गटांना जोडणारा दुवा असाल, तर नेमकं तेच दिसेनासं होतं.

बायोकेमिस्ट्रीशी तुलना मान्य करूच नका. एच-इंडेक्स २००५ मध्ये मांडणाऱ्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मूळ लेखातच म्हटलंय की जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा बरेच मोठे असतात. गणित त्याहून वेगळं. मार्क न्यूमन यांच्या सहलेखकांच्या जाळ्यांवरच्या २००४ च्या अभ्यासात गणितज्ञाचे सरासरी सहलेखक ४ च्या आसपास निघाले, जीववैद्यकात १८. गर्दी जास्त तिथे संदर्भ जास्त. तुमची तुलना तुमच्याच शाखेतल्या, तेवढीच वर्षं काम केलेल्या लोकांशी व्हायला हवी. हे दोन वाक्यांत अर्जाला जोडा.

शिवाय गणितात कामाची दखल उशिरा घेतली जाणं हा भागच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचं वैशिष्ट्य १९४९ मध्ये दाखवलं. गणितावर लोकप्रिय लेखन करणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं ते १९७५ मध्ये. मध्ये २६ वर्षं गेली.

अंकवेडी:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बसून एकेक संदर्भ तपासला. माझ्या सासरच्या नावाच्या पेपरांनी माहेरच्या पेपरांना तीनदा उद्धृत केलंय: ९ वाल्याला दोनदा, ६ वाल्याला एकदा. वजा केल्यावर ७, ७, ५, ५, ४, म्हणजे तरीही ४च. एकूण ३७ चे ३४ झाले, ते तसंच अर्जात लिहिलंय. ओर्सिड काढलं, दोन्ही नावं घातली. स्कोपसची विनंती गेली आहे, उत्तर आलं की इथे कळवते.