फाइलींचा क्रम बदलला की रिकामं वजन चुकतं, दोष कंपायलरचा?

कृष्णाकाठ, सांगली
साखर कारखान्याच्या ऊसकाट्याचा सी++ प्रोग्रॅम आहे. सांगलीतल्या आणि काट्यावरच्या मशीनवर सगळं सारखंच: उबुंटू २०.०४, जीसीसी (कंपायलर) ९.४, मेक (बिल्ड करणारं टूल) ४.२.१. सांगलीत बरोबर चालतं. काट्यावर मात्र भरलेला ट्रक आला की रिकाम्या वजनात शून्याऐवजी भलताच आकडा. -ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद) चूक, -ओ२ ला (ऑप्टिमायझेशन चालू) ठीक. मेकफाइलमध्ये फाइली वाइल्डकार्डने (एकेक नाव न लिहिता, नमुना देऊन) घेतल्यात. ट्रक.सीपीपी आणि बैलगाडी.सीपीपी (नावं इंग्रजी अक्षरांत) दोन्हींत 'नोंद' नावाचं स्ट्रक्ट (फील्डांचा गट) आहे. ट्रकच्यात इंट क्रमांक, डबल भरलेलं, डबल रिकामं. बैलगाडीच्यात पहिले दोनच. जीसीसीकडे बग नोंदवू का?

घाटमाथा
नको. स्ट्रक्टमध्येच किमती शून्य केल्या असणार. मग दोन्ही फाइलींत एकाच नावाचा इनलाइन कन्स्ट्रक्टर (सुरुवातीच्या किमती भरणारं फंक्शन) तयार होतो. लिंकर (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडणारा) पहिला भेटलेला ठेवतो, दुसरा टाकून देतो. बैलगाडी आधी आली तर तिचा कन्स्ट्रक्टर १६ बाइटांपलीकडे जात नाही. ट्रकच्या २४ पैकी शेवटचे ८, म्हणजे रिकामं वजन, तसेच राहतात. -ओ२ ला प्रत्येक फाइलीत तिचाच कन्स्ट्रक्टर जागेवरच इनलाइन होतो (त्याचा कोड तिथेच घातला जातो), म्हणून चूक झाकते.

दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम -सी (कॅपिटल सी; फाइलीतल्या नावांची यादी देतं) चालवा. कन्स्ट्रक्टरसमोर डब्ल्यू (वीक, म्हणजे अनेकांतलं एकच ठेवायचं) दिसेल. मग लिंकच्या ओळीत दोघींची जागा बदला, म्हणजे चूक क्रमाची आहे हे कळेल.

आणि सांगलीतलं 'बरोबर' हे खरं बरोबर नाही! तिथे ट्रक आधी येतो, त्यामुळे बैलगाडीच्या १६ बाइटांत २४ लिहिले जातात आणि शेजारचं काहीतरी पुसलं जातं. हे जास्त धोक्याचं.

मेकफाइल_मंडळी
क्रम का बदलतो ते: मेक ३.८२ पासून वाइल्डकार्डचा निकाल सॉर्ट होत नव्हता, ४.३ मध्ये (२०२०) पुन्हा होऊ लागला. तुमच्या ४.२.१ ला फाइलसिस्टिम देईल तो क्रम, आणि ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) चा हॅश सीड, म्हणजे हा क्रम ठरवणारा आकडा, प्रत्येक डिस्कवर वेगळा. वाइल्डकार्डभोवती सॉर्ट घाला.

घाटमाथा
सॉर्ट जरूर घाला, पण इंग्रजी अक्षरांत बी (बैलगाडी) टीच्या (ट्रक) आधी येतो, म्हणजे चूक आता दोन्हीकडे दिसेल. शोधायला ते बरंच.

खरा उपाय: दोन्ही स्ट्रक्ट आपापल्या फाइलीत निनावी नेमस्पेसमध्ये टाका, म्हणजे नाव त्या फाइलीपुरतंच राहील. त्याआधी -ओ२ -एफएलटीओ (लिंकच्या वेळी सगळ्या फाइली एकत्र तपासणारा पर्याय) लावून बिल्ड करा. -डब्ल्यूओडीआर चा (एकाच नावाच्या दोन वेगळ्या व्याख्यांचा) इशारा लिंकच्या वेळी येईल, अशा आणखी जोड्याही सापडतील. इशारा आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ट्रक-आधी क्रमात ॲड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरचं लिखाण पकडणारं टूल) चूक पकडतो. बैलगाडी-आधी क्रमात तो गप्प राहील, तिथे व्हॅलग्रिंड (किंमत न भरलेल्या मेमरीचा वापर पकडणारं टूल) हवं.

हंगाम चालू आहे म्हणून नुसती -ओ२ ची बिल्ड काट्यावर ठेवू नका. या वजनावर शेतकऱ्याचं बिल निघतं, आणि उद्या स्ट्रक्टमध्ये चार फील्ड वाढले की इनलाइन होईलच याची हमी नाही.