किती मुलं हवीत, हे तुमच्या मनात कुणामुळे ठरलं?

काळीमाती: काल कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीच्या, रोटांचे (प्रसादाचे) गहू काढले. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. सात वर्षांची लेक शेजारी बसून मोजत होती. "आजोबांची, बाबांची, काकाची... माझी?" मी तिचीही घातली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण रात्री झोप लागली नाही.

आम्ही चौघी बहिणी, मग भाऊ. अमळनेर तालुका. मी थोरली. भाऊ झाला तेव्हा दहाची होते. आई कापूस वेचायला, भाऊ माझ्या कडेवर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यावर आणि मी खाली त्याला धरून उभी. एकच मूल, हे माझं लग्नाआधीच ठरलं होतं. लोकांना वाटतं नोकरीमुळे. माझी पोरं तेव्हाच वाढवून झाली होती हो. भावावर राग नाही, अजून लेकरासारखा जीव आहे त्याच्यावर. तुमचं कसं ठरलं?

रावेरकर: ताई, कडेवरचं वाचून माझी मोठी बहीण आठवली. आजच फोन करतो तिला.

एकटा_दिवा: माझं उलटं. एकुलता. वडील जळगावला दवाखान्यात अकरा दिवस होते. डबा मी, औषधं मी, सही मी. शेजारच्या खाटेवरच्या बाबांची तीन मुलं आळीपाळीनं यायची, भांडायची पण यायची. तिथंच ठरवलं, दोन तरी हवीतच. आता दोघी मुली आहेत.

पांझराकाठ: येतीलच असं नाही दादा. आम्ही दोघे भाऊ, केळीच्या बागेच्या वाटणीवरून सहा वर्षं बोललो नाही. बांधावर समोरासमोर आलो तरी मान खाली. आई त्यातच गेली. मला एकच मुलगा आहे, आणि त्याला भाऊ नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकटा_दिवा: आईचं वाचून वाईट वाटलं. बोला हो भावाशी.

तिसरा: मी २००३ चा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. वडिलांना सरपंच व्हायचं होतं. पडवीत चार माणसं बसली की विषय निघायचाच, "हा झाला आणि सरपंचकी गेली." वडील हसून म्हणायचे, मी पाणी देऊन आत जायचो. एक होवो, दोन होवोत, माझ्या लेकराला तू नको होतास असं ऐकावं लागणार नाही, एवढं नक्की.

काळीमाती: तिसरा, भाऊ रे. काय लिहू.

भरीतवाली: सगळं वाचलं, डोळे भरले. रोटाला डाळ किती घेता? आमच्याकडे सासूबाई गेल्यापासून अंदाजच चुकतो.

सातपुडा_पायथा: मला मूल नको, नवऱ्यालाही लग्नाआधी सांगितलं. दादा मतिमंद आहे, चाळीस वर्षांचा. आईबाबांनंतर माझ्याकडेच येणार. त्याची अंघोळ, जेवण, रात्रीचं उठणं हे सगळं मी आईला करताना बघितलंय. सगळे म्हणतात "तुझं स्वतःचं कुणीतरी हवं." दादा माझाच आहे ना.

रावेरकर: बहिणीला फोन केला. ती म्हणे, "आज काय झालं रे तुला?" बोलताच येईना. कानबाईला ये म्हटलं.

भरीतवाली: पण कानबाईचा प्रसाद भाऊबंदकीबाहेर देत नाहीत ना? सासरी गेलेल्या मुलीला चालतो का?

पांझराकाठ: आमच्याकडे नाही देत. घरोघरी वेगळं असेल.

काळीमाती: आत्ता आईला विचारलं, तुला किती हवी होती गं? पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणे. थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, "माय, माले बी दोनच जोयजे व्हतात." दुसऱ्या क्रमांकाची बहीण शेजारीच बसली होती, ती म्हणे, "चला, मी बसले त्यात!" दोघी हसत होत्या. धाकट्या दोघींना काय सांगू ते सुचत नाहीये.

भरीतवाली, डाळीचं रात्री लिहिते. गिरणीत नंबर लागलाय.