दिव्यांग विद्यार्थ्यांच्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्राची इमारत : आराखड्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ता :
नमस्कार. आमची संस्था तालुक्याच्या ठिकाणी दिव्यांग मुलामुलींसाठी शिवणकाम, मोटर रिवाइंडिंग (मोटरमधील तार नव्याने भरणे) आणि संगणक यांचे वर्ग भाड्याच्या जागेत चालवते. आता स्वतःच्या जागेवर तळमजला आणि त्यावर एक मजला अशी इमारत बांधायची आहे. विद्यार्थ्यांत चाकाची खुर्ची आणि कुबड्या वापरणारे, कर्णबधिर, अंध आणि अल्पदृष्टी असे सगळेच आहेत. नकाशात दर्शनी भागी उतार आणि खाली एक स्वच्छतागृह एवढीच सोय दाखवली आहे. मंजुरीपूर्वी काय बदलून घ्यावे?

प्रतिसाद १ (वास्तुविशारद) :
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता येण्याच्या, नियमांत न बसणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान निकष बंधनकारक करण्याचा आदेश केंद्राला दिला आहे. त्यामुळे केंद्र सरकारची सुगम्यतेबाबतची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवूनच नकाशा पुन्हा काढून घ्यावा.

उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. जोते (जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीपर्यंतची उंची) दोन फूट असेल तर निव्वळ उतारालाच २४ फूट लागतात, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा लागते. एवढी लांबी नकाशात राखून ठेवली नाही की प्रत्यक्ष बांधताना उतार उभा होतो आणि खुर्ची मागून ढकलायला माणूस लागतो. पाण्याचा निचरा नीट होत असेल तर जोतेच कमी ठेवावे, म्हणजे सर्वांना एकाच दारातून आत जाता येईल.

स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, कारण आत कोणी पडले आणि दार त्याच्या अंगावर अडकले तर मदत पोहोचत नाही. मुलींसाठी अशीच वेगळी सोय हवी.

प्रतिसाद २ (निदेशक) :
मुले दिवसाचा बहुतेक वेळ कार्यशाळेत घालवतात, आणि नकाशात मात्र ती रिकामा चौकोन म्हणून दाखवलेली असते. यंत्रे आणि टेबले कुठे येणार हे आत्ताच आखून घ्या. आमच्याकडे रिवाइंडिंगच्या टेबलाच्या पायांना समोरून आडवी पट्टी होती. खुर्चीवरच्या मुलाला गुडघे आत घेता येत नसत, म्हणून तो तिरका बसून एका हातावर भार देत स्टेटरच्या (मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या) खाचांत तार भरत असे. पट्टी कापून मागे बसवली आणि त्याचे दोन्ही हात कामाला मोकळे झाले. टेबलाखाली निदान २८ इंच उंचीची मोकळी जागा असावी, आणि यंत्र बंद करण्याचे बटण बसल्या जागेवरून हाताला यावे.

कर्णबधिर मुलांसाठी धोक्याच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा हवा, तोही स्वच्छतागृहासकट प्रत्येक खोलीत. फळ्याच्या भिंतीत खिडकी ठेवू नका. शिक्षकाच्या पाठीमागून उजेड आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचता येत नाहीत, खुणाही नीट दिसत नाहीत.

प्रतिसाद ३ (अंध माजी विद्यार्थिनी) :
व्हरांड्यात उघडणारी खिडकीची झडप आम्हाला सर्वांत घातक ठरते, कारण काठी जमीन चाचपते आणि झडप कपाळाला लागते. जिन्याखालची मोकळी जागा आणि भिंतीतून पुढे आलेले अग्निशामक नळकांडे यांचेही तसेच आहे. जिन्याच्या अगोदर ठिपक्यांच्या फरश्या अवश्य बसवा. पण त्या सगळीकडे अंथरू नका, कारण कुबडी वापरणाऱ्यांची कुबडी त्यांवर डळमळते. अल्पदृष्टी मुलांसाठी प्रत्येक पायरीच्या कडेला गडद किंवा उठून दिसणारी पट्टी द्या, आणि चकचकीत फरशी टाळा.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. लिफ्टसाठी सध्या निधी नाही. वरच्या मजल्याचे काय करावे?

प्रतिसाद १ (वास्तुविशारद) :
लिफ्टचा खड्डा आणि शाफ्ट (लिफ्ट वरखाली जाण्याची उभी पोकळी) आत्ताच बांधून ठेवा. स्लॅब ओतून झाल्यावर तो फोडून जागा काढणे फार महागात जाते. लिफ्ट बसेपर्यंत तिन्ही वर्ग, ग्रंथालय आणि प्राचार्यांचे कार्यालय तळमजल्यावरच राहू द्या आणि वर फक्त भांडारगृह व जुने दप्तर ठेवा. लिफ्ट आल्यानंतरही आग लागल्यास ती वापरता येत नाही, म्हणून वरच्या जिन्यालगत खुर्ची थांबवता येईल अशी धूर न शिरणारी जागा आणि तिथून खाली संपर्क साधण्याची सोय याच नकाशात दाखवून घ्या.