गल्प आणि पग: हेडर बदलला तरी पाने पुन्हा कंपाइल होत नाहीत

स्थिरपान (प्रश्न)

गल्प ४ (ठरवून दिलेली कामे, म्हणजे टास्क, आपोआप करणारे साधन) वापरून पगच्या (एचटीएमएल बनवणारी टेम्प्लेट भाषा) टेम्प्लेटमधून साध्या एचटीएमएल फाइली तयार करतो आहे. पेजेस फोल्डरमध्ये साधारण ४० पाने आहेत. लेआउट एकच, हेडर, फुटर आणि मेन्यू पार्शल्स (पानांत ओढले जाणारे सामायिक तुकडे) फोल्डरमध्ये. बदललेलीच पाने कंपाइल व्हावीत म्हणून सोर्सला (फाइली वाचणारे गल्पचे फंक्शन) 'सिन्स' पर्याय देऊन त्यात 'लास्टरन' (टास्कच्या मागच्या फेरीची वेळ) वापरला आहे. वॉच (फाइल बदलली की टास्क पुन्हा चालवणारी पाळत) दोन्ही फोल्डरांवर आहे.

पान बदलले की सगळे नीट चालते. हेडर बदलला की टर्मिनलवर टास्क सुरू झाल्याचे आणि संपल्याचे दिसते, पण आउटपुट जसेच्या तसे. वॉच बंद करून पुन्हा लावला की नवा हेडर येतो.

आणखी दोन अडचणी. मेन्यूचा मजकूर जेसन (डेटा साठवायचा मजकूर-प्रकार) फाइलमधून येतो. ती बदलून नंतर पान सेव्ह केले तरी मजकूर जुनाच. आणि प्लंबर (एररने काम थांबू नये म्हणून लावायचे प्लगइन) लावलेला असूनही एखाद्या पानात चूक झाली की एरर छापला जातो आणि त्यानंतर वॉच कशालाच दाद देत नाही.

कंसमोड

पहिल्या अडचणीचे मूळ 'सिन्स'मध्येच आहे. तो प्रत्येक फाइलची शेवटच्या बदलाची वेळ पाहतो आणि टास्कच्या मागच्या यशस्वी फेरीनंतर बदललेल्या फाइलीच पुढे पाठवतो. तुम्ही हेडर बदलला तेव्हा पेजेसमधल्या एकाही फाइलची वेळ बदलली नाही. त्यामुळे पाइपमध्ये शून्य फाइली गेल्या आणि टास्क यशस्वी ठरला. कोणते पान कोणता तुकडा ओढते हे गल्पला ठाऊक नसते; इन्क्लूड (तुकडा ओढणे) आणि एक्स्टेंड्स (लेआउट वापरणे) पग स्वतः कंपाइल करताना सोडवतो. 'लास्टरन'ची नोंद त्या प्रोसेसपुरतीच असते, म्हणून वॉच पुन्हा लावल्यावर सगळी पाने नव्याने बनतात.

४० पानांसाठी 'सिन्स' काढूनच टाका. एवढी पाने पग चटकन कंपाइल करतो. 'सिन्स'मुळे वाचणाऱ्या वेळेपेक्षा जुने आउटपुट खरे मानून चूक शोधत बसण्याचा खर्च जास्त आहे. 'सिन्स'ची गाळणी ठेवायचीच असेल तर दोन फंक्शन करा: एक 'सिन्स'सह, दुसरे 'सिन्स'विना. पेजेसवरच्या वॉचला पहिले द्या, लेआउट, पार्शल्स आणि जेसनवरच्या वॉचला दुसरे.

नोडकट्टा

जेसनबद्दल. तुम्ही ती फाइल रिक्वायरने (नोडची मोड्यूल आणायची सोय) घेत असणार. नोड (गल्प ज्यावर चालतो ती जावास्क्रिप्ट प्रणाली) रिक्वायर केलेले मोड्यूल प्रोसेस संपेपर्यंत कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे वॉच चालू असताना डिस्कवरचा बदल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एफएसच्या (नोडचे फाइलींसाठीचे मोड्यूल) रीड-फाइल-सिंकने मजकूर वाचा आणि जेसन-पार्स करा. हे टास्कच्या फंक्शनच्या आत व्हायला हवे. गल्पफाइलच्या (टास्क लिहिलेली फाइल) माथ्यावर लिहिले तर वाचन एकदाच होईल आणि अडचण तशीच राहील.

प्लंबरचे दुखणे वेगळे. एरर आला की प्लंबर तो गिळतो, पण स्ट्रीमचा (टास्कमधून वाहणाऱ्या फाइलींचा प्रवाह) 'एंड', म्हणजे संपल्याचा, इव्हेंट येईलच असे नाही. तो आला नाही तर गल्पच्या लेखी टास्क अजून चालूच असतो, आणि वॉच चालू फेरी संपल्याशिवाय पुढची सुरू करत नाही. प्लंबरला स्वतःचा एरर-हँडलर द्या आणि त्यात संदेश छापून झाल्यावर धिस-एमिटने 'एंड' पाठवा. हे साधे फंक्शन हवे. ॲरो फंक्शनमध्ये 'धिस' म्हणजे ती स्ट्रीम नसते.

मी मात्र प्लंबर ठेवणारच नाही. गल्प ४ मध्ये टास्कने स्ट्रीम रिटर्न केली असेल तर एररने तेवढी फेरी अयशस्वी होते, वॉच टिकून राहतो. उलट प्रॉडक्शन बिल्डमध्ये प्लंबर धोक्याचा: टेम्प्लेट मोडलेला असूनही बिल्ड यशस्वी म्हणून संपू शकतो आणि अर्धवट साइट सर्व्हरवर जाते.

स्थिरपान

'सिन्स' आणि प्लंबर दोन्ही काढले, जेसन टास्कच्या आत वाचला. तिन्ही अडचणी गेल्या. पेजेसच्या आतल्या उपफोल्डरांमध्ये इन्क्लूडचे मार्ग फार लांबतात, दोन-दोन ठिपक्यांच्या साखळ्या होतात. मार्ग सुरुवातीच्या तिरप्या रेघेपासून लिहिला की एरर येतो. आणि पुढे पाने काही शेकड्यांत गेली तर?

कंसमोड

तिरप्या रेघेने सुरू होणारा मार्ग कुठून मोजायचा हे पगला 'बेसडिर' पर्यायातून सांगावे लागते. गल्प-पगला (गल्पमध्ये पग चालवणारे प्लगइन) पर्याय देताना बेसडिरमध्ये सोर्स फोल्डरचा पूर्ण मार्ग द्या. मात्र इन्क्लूडच्या मार्गात व्हेरिएबल चालत नाही. इन्क्लूड कंपाइलच्या वेळी सुटतो, डेटा त्यानंतर येतो. पानागणिक वेगळा तुकडा हवा असेल तर लेआउटमध्ये ब्लॉक (पानाने भरायची जागा) ठेवा किंवा मिक्सिन (पुन्हा वापरता येणारा टेम्प्लेटचा भाग) वापरा.

'प्रिटी' (एचटीएमएल सुटसुटीत मांडणारा पगचा पर्याय) चालू असेल तर तोही बंद करा. तो टॅगांमध्ये मोकळ्या जागा घालतो आणि एका ओळीतल्या दुव्यांमध्ये, बटणांमध्ये नको तिथे फट दिसते.

धागादोरा

शेकडो पानांसाठी अवलंबनांचा (कोणते पान कोणत्या तुकड्यांवर उभे आहे याचा) नकाशा लागतो, आणि त्यासाठी वेगळे प्लगइन शोधायची गरज नाही. पगच्या कंपाइल-फाइलने मिळणाऱ्या फंक्शनवर 'डिपेंडन्सीज' नावाची यादी असते. त्या पानाने ओढलेल्या सगळ्या फाइलींचे मार्ग तिच्यात येतात, तुकड्याच्या आतल्या तुकड्यांचेही. पहिल्या पूर्ण फेरीत प्रत्येक पानाची यादी घेऊन उलटा नकाशा भरा: किल्ली म्हणजे तुकडा, किंमत म्हणजे त्यावर उभी असलेली पाने. वॉचच्या 'चेंज' इव्हेंटमध्ये बदललेल्या फाइलचा मार्ग मिळतो. तो पाथ-रिझॉल्व्हने पूर्ण करून नकाशात शोधा आणि तेवढीच पाने सोर्सला द्या. देताना 'बेस' पर्यायात पेजेस फोल्डर लिहायला विसरू नका, नाहीतर उपफोल्डर गळून सगळ्या फाइली आउटपुटच्या मुळाशी जाऊन पडतात. पान कंपाइल झाले की त्याची जुनी नोंद पुसून नवी भरा, कारण इन्क्लूड काढलेही जातात. लेआउट बदलला तर नकाशा सगळीच पाने परत देईल, आणि ते बरोबरच आहे.

जाता जाता: गल्प ५ वर जाणार असाल आणि याच गल्पफाइलमधून चित्रे कॉपी होत असतील, तर त्या सोर्सला 'एन्कोडिंग' फॉल्स द्या. तिथे सोर्स सगळ्याच फाइली यूटीएफ-८ मजकूर समजून वाचतो आणि चित्रे बिघडतात. टेम्प्लेटच्या टास्कला हात लावायची गरज नाही.