मदत हवी आहे: पेट शॉपला नोटीस, नोंदणी कुठे करायची?

पिंजरेवाला: नगरपालिकेची नोटीस आलीय. नोंदणी दाखवा, नाहीतर दुकान बंद. १५ दिवसांची मुदत, त्यातले ६ गेले. गुमास्ता (दुकानाची नोंद) आहे, जीएसटी आहे. आता ही कसली नोंदणी? फॉर्म कुठे मिळतो तेवढंच सांगा, भाषण नको.

तळटीप: राज्य कुठलं? दुकानात विकता काय?

पिंजरेवाला: महाराष्ट्रच, दुसरं कुठलं? पक्षी, ससे, खाद्य. गिऱ्हाईक आलं तर कुत्र्याची पिल्लं मागवून देतो.

खाकी_फाईल: गुमास्ता इथे चालत नाही. दहापेक्षा कमी कामगार असतील तर ती नुसती कळवल्याची पोच असते. तुम्हाला लागते ती २०१८ च्या पेट शॉप नियमांखालची नोंदणी, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडची. अर्जाचा नमुना नियमांच्याच शेवटी जोडलेला आहे. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात चौकशी करा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तीच प्रत नोटिशीच्या उत्तराला जोडा. जागेची तपासणी होते. आजारी जनावराला वेगळा पिंजरा नसेल, वारा खेळत नसेल किंवा खरेदी-विक्रीची वही नसेल, तर तिथेच अडकाल.

शेपूट_हलवा: कुत्रा पाळायला पालिकेचा परवाना लागतो, रेबीजच्या लशीचा दाखला जोडायचा.

तळटीप: अहो, ते पाळणाऱ्यांसाठी. इथे विकणारा विचारतोय.

दत्तक_घ्या: "मागवून देतो" हेच तर दुखणं. बाजारात पस्तीस दिवसांचं पिल्लू "दोन महिन्यांचं" म्हणून खपवतात. ८ आठवड्यांच्या आतलं विकता येत नाही. तोंड उघडून बघा: दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात बहुतेक आलेले असतात. मागच्या दाढा नुकत्या डोकावत असतील तर वय खोटं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांला, म्हणजे पस्तीस दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर ती दिसली तर कार्डही खोटं.

जातिवंत: सगळे ब्रीडर चोर नाहीत. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांत नोंदणी आहे, मायक्रोचिप आहे, मादीला वर्षातून एकच वेत. नोंदणीवाल्याकडूनच पिल्लू घ्या, त्याच्या दाखल्याची प्रत फाईलला लावा.

दत्तक_घ्या: कागदावर एक वेत. मोजतं कोण?

एडिसनकर: अमेरिकेत, आमच्या न्यू जर्सीशेजारी न्यूयॉर्क राज्यात १५ डिसेंबर २०२४ पासून दुकानांत कुत्री, मांजरं, ससे विकायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून कुत्र्या-मांजरांची सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानदार विकू शकत नाही, थेट ब्रीडरकडे किंवा निवाऱ्यातच जावं लागतं.

खाकी_फाईल: एडिसनला नोटीस आलेली नाही. पिंजरेवाले, पक्षी कुठले? पोपट, मुनिया असतील तर विषय वनखात्याचा. वन्यजीव कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पिंजरेवाला: पोपट नाही ठेवत. लव्हबर्ड आहेत, १२ जोड्या.

तळटीप: बाजारात बजरीलाही लव्हबर्डच म्हणतात. बजरी, कॉकाटील आणि पीचफेस (लव्हबर्डचीच एक जात) साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत. फिशर ही लव्हबर्डची जात मात्र आहे, तिची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत.

पिंजरेवाला: मी फॉर्म विचारला होता. लिंक द्या कोणीतरी.

तळटीप: आधी पिंजऱ्यात बघून सांगा, डोळ्याभोवती पांढरं कडं आहे का? फिशरला ते असतं, पीचफेसला नसतं.