अक्षरांवरून शब्द शोधून देणारी साधने शब्दखेळांत वापरावीत का?

सातवी_टाइल
अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द करण्याचा स्क्रॅबल हा इंग्रजी शब्दखेळ खेळताना हातात क्यू असतो आणि इंग्रजीत बहुधा त्याच्या पाठोपाठ येणारा यू नसतो, किंवा दुसऱ्या एखाद्या खेळात पाच अक्षरी शब्दाची चार अक्षरे कळलेली असतात आणि पाचवे काही केल्या सुचत नाही. अशा वेळी ठाऊक असलेली अक्षरे टाइप केली की जुळणाऱ्या शब्दांची यादी देणारी साधने आता सहज मिळतात, आणि ती वापरणे ही लबाडीच, असे अनेकांचे ठाम मत दिसते. मला ते पटत नाही. समोर प्रतिस्पर्धी बसलेला असताना चोरून यादी पाहणे गैरच आहे, त्यावर वादच नाही. परंतु एकट्याने कोडे सोडवताना, किंवा डाव संपल्यावर आपल्या नजरेतून काय निसटले हे तपासताना, या साधनांइतका चांगला शिक्षक नाही. क्यू आणि आय या दोनच अक्षरांचा शब्द अमेरिकी स्पर्धांच्या ग्राह्य शब्दांच्या यादीत २००६ साली आला. फकीर आणि तलाक हे आपल्या परिचयाचे शब्द क्यू वापरून आणि यू न वापरता लिहिले, तरी कॉलिन्स या कोशाच्या स्क्रॅबल शब्दयादीत ग्राह्य आहेत. यादी चाळल्याशिवाय हे किती जणांच्या ध्यानात आले असते?

पानउलट
आपण अपवादापासून सुरुवात केलीत, मी मुळापासून करतो. आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात स्क्रॅबलची मांडणी करताना वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि त्यावरून टाइल्सची संख्या व गुण ठरवले. म्हणून इंग्रजी संचातील १०० टाइल्समध्ये ईच्या १२ टाइल्स असून प्रत्येकीला एकच गुण आहे, तर क्यू आणि झेड एकेकच असून त्यांना प्रत्येकी १० गुण आहेत. ते दहा गुण अडचणीचे मोल आहेत. क्यूचे सारे शब्द क्षणात हजर होत असतील तर ती अडचण उरत नाही आणि दहा गुणांना काही अर्थही उरत नाही. एकट्याने खेळतानाही हे तितकेच खरे आहे, कारण तेव्हा प्रतिस्पर्धी आपली स्वतःची स्मरणशक्तीच असते. राहिला प्रश्न शिकण्याचा. आयती हाती आलेली यादी दुसऱ्या दिवशी किती आठवते, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.

सातवी_टाइल
पानउलट, यादीतून आलेला शब्द टिकत नाही हे मला मान्य नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. सुमारे नऊ आठवडे त्यांनी शब्दांची यादी पाठ केली होती. यादी पाठ करणे हा अभ्यास आणि अक्षरे टाइप करून यादी पाहणे ही लबाडी, अशी रेघ आपण नेमकी कुठे ओढणार?

पानउलट
टाइल उचलण्याच्या क्षणी. रिचर्ड्स यांच्या हातात त्या वेळी कोणतेही साधन नव्हते, सारे डोक्यात होते. आपल्याच उदाहरणाने माझे म्हणणे सिद्ध होते. अर्थ न कळता शब्द पाठ करण्याचा मला स्वतःला कंटाळा आहे, पण ती माझी आवड झाली, आक्षेप नव्हे.

मुळाक्षर
दोघेही ही साधने सर्वज्ञ असल्यासारखे बोलत आहात. त्यांची करामत अगदी साधी आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची. मग 'रिटेन्स', 'रेटिनाज' आणि 'नॅस्टिअर' या तिन्ही शब्दांचा साचा ए-ई-आय-एन-आर-एस-टी असा एकच निघतो आणि एक सापडला की बाकीचे आपोआप सापडतात. कसलेले खेळाडू हातातल्या टाइल्स मनातल्या मनात अशाच लावतात. त्यामुळे मला खरा प्रश्न पुढचा वाटतो: यादी मिळाल्यावर काय करायचे?

सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याच्या वर्डल या खेळाचे उदाहरण घ्या. शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी अशी पक्की झाली की साधन लाइट, नाइट, साइट, राइट, फाइट, माइट, टाइट, एट असे आठ शब्द तरी पुढे करते. एकूण संधी सहा, त्यांतल्या एक-दोन आधीच खर्ची पडलेल्या. यादीतले शब्द वरून खाली भरत जाणारा खेळाडू नशिबावर खेळतो. विचार करणारा मात्र 'फिल्म्स' हा उत्तर असूच न शकणारा शब्द मुद्दाम घालतो आणि एफ, एल, एम, एस ही चार अक्षरे एका फटक्यात तपासून घेतो. हार्ड मोड या त्याच्या कठीण प्रकारात अर्थात ही वाट बंद असते, कारण तिथे मिळालेली अक्षरे पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात. केवळ जुळणारे शब्द दाखवणाऱ्या यादीत 'फिल्म्स' कधीच येणार नाही.

पानउलट
उदाहरण उत्तम आहे आणि ते माझ्याच बाजूचे आहे. ते आठ शब्द स्वतः आठवणाऱ्यालाच 'फिल्म्स' सुचण्याची सवय लागते.

मुळाक्षर
आठही शब्द समोर मांडलेले असतील, तर डोके 'फिल्म्स' शोधण्यासाठी मोकळे राहते. आठवणे आणि निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत.

तिसरा_गडी
मुळाक्षर यांचे म्हणणे स्क्रॅबललाही लागू पडते, किंबहुना जास्तच. साधी साधने सर्वाधिक गुणांचा शब्द वर दाखवतात. त्या शब्दानंतर हातात काय उरते याचा त्यांना पत्ता नसतो. संचात एसच्या चारच टाइल्स असतात आणि पटावरच्या तयार शब्दापुढे एस लावून तो आणि आपला नवा अशा दोन्ही शब्दांचे गुण मिळवता येतात, म्हणून जाणते खेळाडू दोन-चार गुणांसाठी एस खर्च करत नाहीत. सातही टाइल्स एकाच वेळी लावल्यास ५० गुण अधिक मिळतात, त्या आशेने ते कोणतेही अक्षर मानता येणारी कोरी टाइलही राखून ठेवतात. यादीवर डोळे मिटून विसंबणारा तिहेरी गुणांचे घर प्रतिस्पर्ध्याला उघडून देतो आणि आपण पहिल्या क्रमांकाचा शब्द लावला यातच खूश राहतो.

म्हणून माझी सूचना अशी, की दोघांच्या संमतीने एखादा डाव साधन उघडे ठेवून खेळावा. पानउलट यांना तो खेळ वाटणार नाही, हे मी गृहीत धरतो.

पानउलट
खेळ वाटेल, फक्त त्याला शब्दांचा खेळ म्हणणार नाही. पण आपल्याशी असा एक डाव खेळायला माझी हरकत नाही. गुणफलक मात्र वेगळा ठेवू.