‘फॅलसी’ला मराठीत काय म्हणावे: हेत्वाभास, तर्कदोष की भ्रम?

प्रश्न: अर्थव्यवहार आणि सरकारी सत्ता यांविषयी आपण नेहमी करतो त्या ‘फॅलसीं’वर, म्हणजे पटण्यासारख्या दिसणाऱ्या चुकीच्या युक्तिवादांवर, मराठीत लिहितो आहे. हेत्वाभास, तर्कदोष, भ्रम, गैरसमज यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘अपील टु ऑथॉरिटी’ला (मोठ्या माणसाने म्हटले म्हणून खरे, या युक्तिवादाला) ‘अधिकाराचा दाखला’ चालेल का?

उत्तर: गैरसमज नको. तो खरी माहिती मिळाली की दूर होतो, या चुका तशा दूर होत नाहीत. हेत्वाभास हा न्यायदर्शनातला (भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेतला) नेमका शब्द: दिसायला कारण, पण त्यातून काही सिद्ध होत नाही. ‘कायदा आला, नंतर मजुरी वाढली, म्हणजे कायद्यानेच वाढली’ हा सव्यभिचार नावाचा हेत्वाभास. एकामागून एक येणे कार्यकारण असते तिथेही दिसते आणि नसते तिथेही. तर्कदोष त्याच अर्थाचा, नव्या वाचकाला सोपा.

पण अर्थशास्त्रातल्या पुष्कळ चुका हिशेबाच्या असतात. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ बास्तिआने १८५० मध्ये दिलेले फुटक्या काचेचे उदाहरण घ्या: काच फुटली की धंदा वाढतो, असे लोक म्हणतात. काचवाल्याला सहा फ्रँक मिळाले, धंदा चालला, हे दिसते. तेच सहा फ्रँक घरमालकाने जोडे घ्यायला खर्च केले असते, ते दिसत नाही. युक्तिवाद कुठे मोडलेला नाही, एक बाजूच मांडलेली नाही. इथे मी ‘भ्रम’ म्हणेन. जगात काम मोजकेच आहे, यंत्राने घेतले तेवढे आपले गेले, हाही भ्रमच.

दुसरे उत्तर: ‘अधिकाराचा दाखला’ मला खटकतो. ‘दर ठरवण्याचा अधिकार’ म्हणजे सत्ता. ‘या विषयात त्यांचा अधिकार मोठा’ म्हणजे व्यासंग. एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि नेमकी तिथेच गफलत होते: ज्याला हुकूम काढता येतो त्याला त्या हुकमाचा परिणामही कळतो, असे आपण धरून चालतो. रोमन सम्राट डायोक्लेशनने इ.स. ३०१ मध्ये हजारावर वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल दर ठरवले, मोडणाऱ्याला देहदंड. सत्तेत काही कमी नव्हते. तरी माल भीतीने बाजारात येईनासा झाला आणि महागाई वाढली, असे समकालीन ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो. (तो सम्राटाचा कडवा विरोधक होता, एवढे लक्षात ठेवून वाचावे.)

न्यायदर्शनात शब्द (दुसऱ्याचे सांगणे) हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे, पण आप्ताचा. म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो आहे तसे सांगतो त्याचा. म्हणून सत्तेच्या जोरावर केलेल्या युक्तिवादाला ‘सत्तेचा दाखला’ म्हणा, आणि विषय न कळणाऱ्याचे मत पुढे केले असेल तर ‘अनाप्तवचन’.

प्रश्नकर्ता: मग ‘शब्दप्रामाण्य’?

दुसरे उत्तर: ती वृत्ती झाली, ग्रंथ किंवा व्यक्ती सांगेल ते प्रमाण मानण्याची. एका सुट्या युक्तिवादाला तो शब्द मोठा होतो. आणि लेखात उलटी बाजूही घ्याच: ‘सरकारने हात घातला म्हणजे बिघडणारच.’ त्याला मात्र हेत्वाभासच म्हणा, भ्रम नको. तिथे हिशेब मांडलेलाच नसतो, फक्त करणारा कोण हे पाहून निकाल दिलेला असतो.